पाठीवर नेणारा

गवंड्याला सगळे ‘ओळंबा’ म्हणत. भिंत सरळ आली की नाही ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. हाही तसाच, उंच, सरळ आणि गप्प. वस्तीतल्या निम्म्या भिंती त्याच्या हातच्या होत्या, पण बायको गेल्यापासून डोंगरावरच्या चॅपलकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

कारणही तसंच होतं. ती आजारी असताना तो अनवाणी डोंगर चढला होता, संताच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून रडला होता. त्या संताची कथा शेंबड्या पोरालाही पाठ होती. तो खिंडीतला हमाल. एका हिवाळ्यात एका आजारी बाईला पाठीवर घेऊन तो बर्फातून निघाला, आणि डोंगर उतरेपर्यंत ती ठणठणीत झाली. गवंड्याची बायको मात्र आठवड्याभरात गेली. “माझंच ओझं त्याला जड झालं,” एवढंच तो म्हणाला आणि त्याने विषय बंद केला.

पुढे एका वादळात चॅपलची मागची भिंत खचली. फादर स्वतः दारात आले.

“दुसरा गवंडी बघा, फादर,” तो म्हणाला.

आत सासूबाई कांदा चिरत होत्या. लेक गेल्यावरही त्या जावयाकडेच राहिल्या होत्या. ‘मी गेले तर हा माणूस विटांशी बोलत बसेल,’ असं त्या शेजारणींना सांगत. फादर गेल्यावर त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या.

“जावईबापू, भिंत नका बांधू. मला तेवढं एकदा वर न्या. माझे गुडघे केव्हाच संपावर गेलेत.”

“आई, नेऊ कसं?”

“पाठीवर. सिमेंटची गोणी नेता ना? मी तिच्याहून हलकीच भरेन.”

सासूला नाही म्हणणं त्याला कधीच जमलं नव्हतं. रविवारी सकाळी त्याने त्यांना पाठीवर घेतलं. चढ लागल्यावर त्याला धाप लागली, तशी त्यांनी त्याच्या कानाशी बोलायला सुरुवात केली.

“तुम्हाला सांगतात ती गोष्ट अर्धवट आहे. माझी आजी वेगळी सांगायची. ती बाई बरी झालीच नाही. वाटेत, त्याच्या पाठीवरच गेली.”

तो थबकला. “मग हा संत कसला?”

“सोबतचे म्हणाले, ठेव इथेच, वादळ येतंय. त्याने ठेवलं नाही. घरापर्यंत नेलं, तिच्या माणसांच्या हाती दिलं. शेवट गोड मागाहून लोकांनी केला. लोक काय, कडू औषधालाही साखर लावतात.” त्या थोडं थांबल्या. “शेवटच्या दिवसांत माझ्या लेकीला तुम्ही दुसऱ्या कुणाला उचलू दिलं नाहीत. मी बघत होते.”

गवंड्याचे खांदे हलायला लागले.

“रडा हो, खुशाल रडा. पण मला पाडू नका.”

रडता रडता त्याला हसू फुटलं. वर पोचल्यावर त्याने त्यांना बाकावर बसवलं आणि मागे जाऊन खचलेल्या भिंतीवर हात फिरवला. बराच वेळ तो तिथे होता. परत येऊन म्हणाला, “पाया शाबूत आहे. मागून पाणी शिरलंय फक्त.”

दुसऱ्याच दिवशी तो हत्यारं घेऊन वर गेला. भिंत उभी राहिली, मागे पाण्याला वाट काढून दिली. मग कुणी न सांगता त्याने अर्ध्या चढावर एक दगडी बैठकही बांधली, टेकणाऱ्याची पाठ दुखू नये अशी.

चुना सुकला नाही तोच परगावची एक सून सासऱ्याला हाताला धरून चढत आली आणि तिथे टेकली. म्हाताऱ्याने संताची कथा विचारली. गवंड्याने ती दोन्ही तऱ्हांनी सांगितली, आधी लोकांची, मग सासूबाईंची.

“यातली खरी कुठली?” सुनेने विचारलं.

“ते मला नाही माहीत, ताई. माझ्या उपयोगी दुसरी पडली.”

एवढं बोलून त्याने पाण्याची बाटली म्हाताऱ्यापुढे धरली.