डावा कान गेला आणि मी ऐकत असल्याचं लिहीत राहिले

डॉक्टरांनी कागद माझ्याकडे वळवून ठेवला. त्यावर दोन रेघा होत्या. उजव्या कानाची लाल रेघ वरच्या बाजूला जवळजवळ सरळ चालली होती. डाव्या कानाची निळी रेघ सुरुवातीलाच खाली होती आणि पुढे आणखी घसरत गेली होती.

"हा तुमचा ऑडिओग्राम," त्या म्हणाल्या. "याला सडन सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस म्हणतात. आतल्या कानातल्या पेशी किंवा नस अचानक काम करेनाशी होते. बहुतेक वेळा कारण सापडत नाही. कधीपासून होतंय?"

"सोमवारपासून."

तो शनिवार होता. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग इतके दिवस काय केलंत?"

"कोमट तेल घातलं," मी म्हणाले.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून पुढचं काही सांगण्याआधी एवढं लिहून टाकते. एका कानानं अचानक कमी ऐकू यायला लागलं तर मळ असेल, सर्दी असेल, असं म्हणून घरी बसू नका. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. उपचार जितके लवकर, तितकी आशा जास्त. मला हे सहाव्या दिवशी कळलं.

त्या सोमवारी सकाळी मी इयरफोन लावून तोडी ऐकत होते. आलाप नुकता रंगायला लागला होता आणि डावीकडचा आवाज गेला. इयरफोन बिघडला, असं मी धरून चालले. अनिल, माझा नवरा, बुधवार पेठेत जाणारच होता, त्याच्याकडे तो दुरुस्तीला दिला. अनिलला गाण्यातलं काही कळत नाही आणि ते तो लपवतही नाही. दुपारी परत येऊन त्यानं इयरफोन टेबलावर ठेवला.

"दुकानदार म्हणाला, वस्तू उत्तम आहे. ऐकणाऱ्याला दाखवून घ्या."

आम्ही दोघंही हसलो. मग मी तेल गरम करायला ठेवलं.

गुरुवारी कानात आवाज सुरू झाला. याला टिनिटस म्हणतात, म्हणजे बाहेर काहीही वाजत नसताना कानात वाजत राहणारा आवाज. माझ्या कानात खाली एक जाड गुणगुण आणि तिच्यावर बारीक शिट्टी होती. सोसायटीच्या कोपऱ्यावर विजेचं जनित्र असतं ना, ते कुणीतरी डोक्यात आणून बसवावं, तसं. खोली बदलली, गॅलरीत गेले, आंघोळीला बसले, ते बरोबरच. बाहेर पडायला कुठे दारच नाही, हे तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

आता मोबाइलवरच्या आमच्या ग्रुपबद्दल सांगायला हवं. आम्ही चौदा जण आहोत, सगळे गाणं ऐकणारे, गाणारं कुणी नाही. रोज सकाळी प्रत्येकानं सध्या काय ऐकतोय ते दोन-चार ओळींत लिहायचं. कोणता राग, त्यात काय सापडलं, कुठे थांबावंसं वाटलं. नियम एकच, स्वतः ऐकल्याशिवाय लिहायचं नाही. तो वसुधाताईंचा नियम. ग्रुप त्यांनीच सुरू केला. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि बोलायला कडक आहेत. मी शाळेत पस्तीस वर्षं भूगोल शिकवला, पण मला विचाराल तर माझी खरी ओळख त्या ग्रुपवरची होती. स्वर जरा हलला तरी शुभांगीला कळतो, असं सगळे म्हणायचे. मला ते आवडायचं.

शनिवारी निदान झालं आणि रविवारी सकाळी मी ग्रुपवर लिहिलं, 'काल पुन्हा मारवा ऐकला. षड्ज किती वेळ टाळलाय, आणि तरी तो नसल्याचं दुःख वाटत नाही.' ते मी दोन वर्षांपूर्वी ऐकलं होतं. खाली नऊ जणांनी वा वा केलं.

आजारी आहे असं लिहायला हरकत काय होती? पाय मोडला असता तर फोटोसकट लिहिलं असतं. पण कान गेला, हे बाकीच्या तेरा जणांना सांगायचं म्हणजे मी आता तुमच्यातली नाही, असं सांगण्यासारखं वाटलं.

स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. साखर वाढली, चेहरा सुजला, चिडचिड इतकी की अनिलनं कपबशी ठेवली तरी मी ओरडायचे. एमआरआय झाला. नसेवर गाठ वगैरे नाही ना, एवढं पाहायला तो करतात. तशी गाठ नव्हती. मग कानाच्या पडद्यातून आत औषध सोडायची इंजेक्शनं. सुई पाहून वाटते तितकी दुखत नाही, पण औषध आत गेलं की खोली गरगर फिरते. अर्धा तास मान वळवून पडून राहायचं, गिळायचं नाही, बोलायचं नाही.

त्याच्या जोडीला हायपरबेरिक ऑक्सिजन. काचेच्या जाड नळकांड्यात आडवं झोपवतात, झाकण लावतात आणि आतला दाब वाढवत नेतात, म्हणजे ऑक्सिजन रक्तात जास्त मिसळतो. एका खेपेला दीड तास. मला दहा खेपा सांगितल्या होत्या. पहिल्या दिवशी झाकण बंद झालं आणि मला तंत्रज्ञ मुलीचे फक्त ओठ हलताना दिसायला लागले. आत माझा श्वास आणि डोक्यातलं जनित्र. हात वर केला की काचेला लागायचा. बाहेर अनिल खुर्चीवर पेपर वाचत बसलेला. मी त्याच्याकडे बघत होते आणि तो शब्दकोडं सोडवत होता. मला त्याचा भयंकर राग आला. मधेच त्यानं मान वर केली, घड्याळ काचेला टेकवून दाखवलं आणि बोटांनी खूण केली, अजून चाळीस मिनिटं.

दहाही खेपांना तो तिथे बसला. खुणा तेवढ्याच.

घरी मी गाणं लावून पाहिलं, एकदाच. तानपुरा सुरू झाला आणि मी घाबरून बंद केला. डॉक्टरांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "डिप्लाक्युसिस. एकच स्वर दोन कानांना वेगवेगळ्या उंचीवर ऐकू येतो. गाण्याशी संबंध नसलेल्यांना बऱ्याचदा कळतही नाही. तुमच्यासारख्यांना मात्र फार त्रास होतो." माझ्या एका कानात षड्ज होता आणि दुसऱ्या कानात त्याच्या खाली घसरलेला दुसरा षड्ज. डावा कान बंद करून ऐकावं, तर आतला आवाज दुप्पट व्हायचा. म्हणून मी ऐकणंच सोडलं. लिहिणं सोडलं नाही. रोज सकाळी आठवणीतला एकेक राग काढून ग्रुपवर ठेवत होते.

चौथ्या आठवड्यात वसुधाताईंनी मला एकटीला एक रेकॉर्डिंग पाठवलं. त्यांच्या थोरल्या बहिणीचं, मालूताईंचं. मालूताई घरातच गायल्या, मंचावर कधी बसल्या नाहीत. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. दिवाणखान्यात भरलेल्या एका कॅसेटमधून भाचीनं ते मोबाइलवर घेतलं होतं. मुलतानी, पस्तीस मिनिटं. खाली वसुधाताईंनी लिहिलं होतं, 'ग्रुपच्या बैठकीत लावीन म्हणते. पण मध्यानंतर तानपुरा उतरल्यासारखा वाटतो का? माझा कान म्हातारा झाला. तू सांगशील ते खरं.'

मी ते लावलं. तानपुरा उतरलेला वाटत होता. पण मला हल्ली दाराची बेलही उतरलेली वाटत होती. हे मला माहीत होतं, आणि तरी मी लिहिलं, 'हो, थोडा उतरलाय. गळाही मग किंचित खाली आलाय.' ते दुसरं वाक्य तर निव्वळ कान असल्याचं सोंग होतं.

पाच मिनिटांनी उत्तर आलं. 'मग राहू दे. तिला कुणी बेसूर म्हटलेलं मला चालायचं नाही. भाचीलाही सांगते, काढून टाक म्हणून.'

मी फोन केला, तो उचलला नाही. पुन्हा केला. मग अनिलला सगळं सांगितलं, ग्रुपवरचं खोटं धरून. त्यानं ऐकून घेतलं आणि चप्पल घातली. "रिक्षा बघतो."

वसुधाताई सहकारनगरला राहतात. कोथरूडहून जाताना स्वारगेटच्या चौकात आम्ही अडकलो. एका कानानं आवाज कुठून येतोय ते कळत नाही आणि मोठा आवाज टोचतो. सगळे हॉर्न एकाच ठिकाणाहून, माझ्या डोक्यातून येत होते. अनिलनं माझ्या डाव्या कानावर तळहात धरून ठेवला, सिग्नल सुटेपर्यंत.

वसुधाताईंनी दार उघडलं. मी उंबऱ्यातच सांगितलं, "मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. महिना झाला. मालूताईंबद्दल मी लिहिलं ते खोटं आहे. मला सगळंच उतरलेलं ऐकू येतं."

त्या आत गेल्या, खुर्चीवर बसल्या.

"आणि तो मारवा?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षांपूर्वीचा."

"बरा लिहिला होतास," त्या म्हणाल्या. मग आवाज बदलला. "माझ्याकडे तिचं तेवढं एकच आहे, शुभांगी. तुझ्या भरवशावर मी ते टाकून देत होते."

मला रडू आलं. त्यांनी माझी समजूत काढली नाही. भाचीला फोन लावून एवढंच म्हणाल्या, "काढलंस का? नाही ना? मग राहू दे." फोन ठेवून माझ्याकडे वळल्या. "आता ग्रुपवर लिही. माझ्यासमोर."

मी तिथेच बसून लिहिलं. आजाराचं नाव, कोणता कान, कधीपासून, आणि महिनाभर न ऐकता लिहीत होते, तेही. पाठवलं आणि फोन पालथा ठेवला.

दोन दिवसांत तिघांनी मला खासगी निरोप पाठवले. एकीला वरचे स्वर ऐकू येत नव्हते. एकानं श्रवणयंत्र घेतलं होतं, पण बैठकीला येताना ते खिशात ठेवायचा. तिसरे काळेसर, ग्रुपमधले सगळ्यात जाणकार. त्यांनी लिहिलं होतं, 'मी दीड वर्षं आठवणीतूनच लिहितोय. ताईंना तुम्ही सांगा, माझी हिंमत नाही.'

मी सांगितलं. वसुधाताई म्हणाल्या, "म्हणजे स्वतः ऐकणारी मी एकटीच होते तर."

सहा आठवड्यांनी पुन्हा ऑडिओग्राम काढला. निळी रेघ सुरुवातीला वर आली होती. पुढचा उतार तसाच. डॉक्टर म्हणाल्या, "खालचे स्वर बऱ्यापैकी परत आलेत. वरच्यांचं आता फार धरून बसू नका." दोन षड्जांमधलं अंतर कमी झालंय, गेलेलं नाही. जनित्र चालूच आहे. काही दिवस मी त्याच्याबरोबर जेवते, चालते, आणि ते आहे हे विसरते. काही दिवस नाही विसरत. बरी झाले, असं मी म्हणणार नाही. पण ज्या डॉक्टरांनी मला खोटी आशा दाखवली नाही, ज्या मुलीनं दहा वेळा झाकण लावण्याआधी माझा हात दाबला, आणि जो माणूस काचेपलीकडे शब्दकोडी सोडवत बसला, त्यांचे उपकार मोठे आहेत. घाबरलेल्या माणसाच्या जवळ नुसतं बसून राहणं हे केवढं काम आहे, ते मला साठाव्या वर्षी कळलं. तुमच्या घरात कुणाचा कान गेला तर एवढं करा. आणि तुमचाच गेला असेल तर लपवू नका. तो एकटेपणा कानाच्या आवाजापेक्षा वाईट असतो.

पुढच्या रविवारी चार वाजता वसुधाताईंच्या घरी बैठक झाली. मालूताईंचा मुलतानी लावला. मी डाव्या कानात कापूस घातला होता. शिट्टी वाढली, पण उजव्या कानात तानपुरा एकच होता. तो जरासुद्धा उतरलेला नव्हता. मालूताई कोमल गंधारावर आल्या, त्याला मध्यमाचा स्पर्श देऊन तिथेच रेंगाळल्या, आणि मला आत कोंडलेलं काहीतरी सैल होताना जाणवलं.

काळेसर माझ्या डावीकडे बसले होते. ते काहीतरी पुटपुटल्याचं दिसलं.

"काय म्हणालात?" मी मान वळवून विचारलं.

"काय?" ते म्हणाले.

मागून वसुधाताईंचा आवाज आला. "दोघंही गप्प बसा. मालू गातेय."