जानकी सुईणीची नळीवाली सायकल

"माणूस धाडायला उशीर कुणी केला?"

"उशीर? धावत गेला तो! तीच पुळणीतनं चालत आली, त्याला मी काय करू? खांद्यावर घालून आणू तिला?"

"आणायची होतीस!"

आत कृष्णाबाई आणि तिचा नवरा हरेश्वर भांडत होते, आणि मागच्या दारी जानकी सुईण हात धूत बसली होती. साल एक्याऐंशी. कृष्णाबाईचं पोर जन्मलं ते निळंच, रडलं नाही. जानकीनं हात धुतलेले पुन्हा धुतले. ऐकलं ते कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. एरवी महादूपासून तिच्या पोटात काही म्हणजे काही राहत नसे.

मनोरीला तिचं घर, आणि कृष्णाबाईचा पाडा दीड कोसावर. वाट सगळी पुळणीची, समुद्राच्या भुसभुशीत रेतीची. एक पाऊल टाकावं तर अर्धं मागं येतं. त्यात जानकी अंगानं भरलेली. सरकारी शिक्षण घेतलेली सुईण, पत्र्याची पेटी मिळालेली, हाताला यश होतं. पण पायांना घाई कशी करायची ते कुणी शिकवलं नव्हतं.

आठ वर्षं गेली. कृष्णाबाईची लेक जयंती पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. जानकीनं पोट तपासलं. निघताना कृष्णाबाई दारापर्यंत आली नि एवढंच म्हणाली, "या टायमाला लवकर ये गो."

जानकीला झोप लागेना. दुसऱ्या दिवशी तिनं तांदळाच्या डब्यातले पैसे काढले आणि महादूला म्हणाली, "चल मालाडला. सायकल घ्यायची."

"तुला?"

"मग काय तुझ्या होडीला?"

सायकल तिला नवी नव्हती. बाप सायकलवरनं मासळी विकायचा. लहानपणी सायकलच्या मधल्या आडव्या नळीखालनं पाय घालून हाफ पॅडल मारत ती गावभर फिरलेली. निघण्याआधी पाड्यावर जाऊन तिनं जयंतीला पुन्हा तपासलं. पोर खाली उतरलं होतं. अजून दोन दिवस, फार तर तीन. पेटी तिनं बरोबरच घेतली आणि फेरीबोटीत सारखी मागं बघत राहिली.

दुकानदार चंद्रप्रकाशनं लेडीज सायकल पुढं केली. लाल रंग, बास्केट, कॅरिअर, घंटी. महादू खूश. जानकीनं टायर चिमटीत धरून पाहिला. करंगळीएवढा. तेवढ्यात कोपऱ्यातली दुसरी तिला दिसली. आडवं हँडल, जाड टायर, त्यावर खवल्यांसारखे उंचवटे.

"ती नवीन निघालीय मावशी, माउंटन बाईक. डोंगरावर चालवायची. गेअरवाली महाग आहे, ही बिनगेअरची. पण पोरांची आहे ती. तुमच्याकडं डोंगर कुठाय?"

"डोंगर नाही. रेती आहे."

समोर इमारतीचं काम चाललं होतं, रस्त्यावर रेतीचा ढीग. जानकीनं लाल सायकल उचलली ती थेट ढिगात घातली. चाक रुतलं नि ती आडवी होता होता वाचली.

"ओ मावशी! सायकल आहे ती, बैल नाही!"

"मग दुसरी आण."

बघे जमले. महादू कानाशी कुजबुजला, "अगं, नळी बघ केवढी वर. पाय कसा टाकशील, चारचौघांत?"

"रोज होडीच्या काठावरनं चढते तेव्हा तुझे चारचौघं कुठं असतात रे?" लुगड्याचा कासोटा तिनं घट्ट खोचला, नळीवरनं पाय टाकला, आणि ढिगाच्या कडेनं रेती चिरत सायकल पलीकडं काढली. कुणीतरी "झकास!" म्हणून ओरडलं. पैसे जेमतेम पुरले. कॅरिअर वेगळा होता, तो राहिला.

"रेतीत हवा कमी ठेवा," चंद्रप्रकाश मागनं ओरडला. ऐकायला सवड कुणाला होती?

फेरीबोट मनोरीला लागली तर धक्क्यावर हरेश्वर उभा. लुंगी गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"दुपारपासून कळा. पाणी गेलं. दोनदा येऊन गेलो गो, तू नाहीस!"

पेटी ठेवायला जागा नव्हती. महादूनं होडीतली जाळ्याची दोरी आणून पेटी तिच्या पाठीला आवळून बांधली. जानकी निघाली.

पहिला टप्पा कडक मातीचा, तो सरला. पुळण लागली आणि चाकं घसरू लागली. एकदा उतरली, दोनदा उतरली. दुकानात फुगवलेले टायर दगडासारखे टणक. चालत जावं? पाय तर चालायला लागलेही होते. आठ वर्षांपूर्वीसारखेच, अर्धं पाऊल मागं.

तेव्हा तिला दुकानदाराचं ओरडणं आठवलं. ती गुडघ्यांवर बसली, दोन्ही चाकांतली हवा थोडी थोडी सोडली. फुस्स आवाज होत होता तेवढा वेळ तिनं दात आवळून धरले. मग सायकलवर बसली. आता टायर रेतीवर पसरले, सायकल जड पण सरळ चालायला लागली.

पोहोचली तेव्हा डोकं दिसत होतं. ते बाहेर आलं तर नाळेचे गळ्याला दोन वेढे. एक तिनं बोटानं सोडवला, दुसरा सुटेना. "दम धर पोरी, जोर देऊ नको," जयंतीला म्हणाली आणि स्वतःचाच श्वास धरून बसली. वेढा सुटला. पोर बाहेर आलं, गप्प. तिनं तोंड पुसलं, पाठ चोळली, तळव्यांना टिचक्या मारल्या. एक, दोन. मग त्या इवल्या पोरीनं असा टाहो फोडला की मागनं धावत येणाऱ्या हरेश्वरालाही तो वाटेवरच ऐकू गेला.

मागच्या दारी कृष्णाबाईनं तिच्या हातांवर पाणी ओतलं. बराच वेळ ओतत राहिली.

"खांद्यावर आणावं नाही लागलं," ती हळूच म्हणाली.

जानकीनं वर पाहिलं. म्हणजे त्या दिवशीचं भांडण आपण ऐकलं, हे तिलाही ठाऊक होतं तर.

"हरेश्वराचा खांदा मोडला असता गो," जानकी म्हणाली, आणि दोघी हसता हसता रडल्या.

पुढं कित्येक वर्षं ती सायकल चालली. टायर बदलले, कॅरिअर आला, रंग खाऱ्या वाऱ्यानं खाल्ला. आयुष्याच्या शेवटच्या दिवशीही जानकी कृष्णाबाईच्या सुनेचं, अनुपमाचं, पाच दिवसांचं पोर न्हाऊ घालायला गेली. पाड्यापाशी टायर दाबून पाहिला, सायकल मागच्या भिंतीला टेकवली, पोराला तेल लावून न्हाऊ घातलं, चहा प्याली. "उद्या पाणी जरा कोमट ठेव," म्हणाली. घरी येऊन साखळीवरची रेती फडक्यानं पुसली, खोबरेल तेलाचं बोट फिरवलं, आणि पेटी खुंटीला लावली.