पंपावरच्या भागीबाई

भागीबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या पेट्रोल पंपाचं आवार झाडत होत्या. साल एक्क्याण्णव. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो आणि इंदिरानगरात नुकतंच बिऱ्हाड थाटलं होतं. तेव्हा इंदिरानगर म्हणजे मोकळे प्लॉट, बाभळी आणि मधूनच एखादं घर. माझ्याकडे लुना होती. आठवड्यातून दोनदा हायवेजवळच्या त्या पंपावर थांबायचं आणि लिटरभर पेट्रोल ऑइल मिसळून टाकून घ्यायचं. भाव पंधरा रुपयांच्या आसपास होता आणि तो फारच वाढलाय म्हणून आम्ही ऑफिसात रोज कुरकुरत असू.

पंपावर दोन मशिनं होती, लोखंडी कपाटाएवढी उंच. वर काचेची खिडकी, तिच्यात आकड्यांची चाकं. बाजूला एक दांडा. तो फिरवला की सगळी चाकं खडखडत शून्यावर यायची आणि मग पेट्रोल सोडायचं. पंपाच्या मालक मालिनीबाई. नवरा अचानक गेल्यावर नातेवाइकांनी पंप विकायचा सल्ला दिला, तो न ऐकता त्या स्वतः केबिनमध्ये येऊन बसल्या. कडक इस्त्रीची सुती साडी, नाकावर चष्मा, आवाज खणखणीत.

भागीबाईंचा नवरा दत्तू त्या पंपावर पेट्रोल भरायचा. दोघं पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचे. भाताचं काम संपलं की निफाडला द्राक्षबागेत मजुरीला यायचे. तिथून दत्तू पंपावर लागला आणि पंपामागच्या खोलीत दोघांनी संसार मांडला. दोन वर्षांत दत्तूला क्षयाने धरलं. सिव्हिलमध्ये औषध चालू झालं, पण पेट्रोलच्या वासाजवळ उभं राहायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. आता खोली सुटणार, पाड्यावर परत जावं लागणार, या धास्तीने भागीबाई पोर कडेवर घेऊन केबिनच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. मालिनीबाईंनी विचारलं, "झाडशील का?" एवढंच. खोली राहिली.

एका संध्याकाळी उद्यापासून भाव वाढणार अशी हूल उठली. पंपावर ही रांग! माझी लुनाही त्या रांगेत. नेमका त्याच दिवशी एक माणूस आला नव्हता, म्हणून एक मशिन बंद होतं. लोक ओरडायला लागले. मालिनीबाई बाहेर आल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि हाक मारली, "भागी, झाडू ठेव. हात धू आणि ये इकडे."

भागीबाई नोझल हातात घेऊन उभ्या राहिल्या. माझा नंबर आला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "साहेब, मला आकडं येत नाय. कुठं थांबवू, तुमीच सांगा."

मी म्हटलं, "हा उभा दांड्यासारखा दिसतोय ना, तो एक. तो पुरता समोर आला की थांबा."

त्यांनी चाकावरून नजर हलवली नाही. एक बरोबर खिडकीच्या मधोमध आला आणि त्यांचा हात थांबला. एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही. मागचा माणूस म्हणाला, "बाई पेट्रोल भरणार का आता!" मालिनीबाईंनी केबिनच्या दारातूनच उत्तर दिलं, "हो, आणि घाई असेल त्यांनी पुढच्या पंपावर जावं." पुढचा पंप सात किलोमीटरवर होता. कोणीच गेलं नाही.

त्या दिवसापासून भागीबाई मशिनवर आल्या त्या कायमच्याच. आकडे त्यांना कोणी पाटीवर शिकवले नाहीत; त्या फिरत्या चाकांनीच शिकवले. महिन्याभरात शून्य ते नऊ ओळखीचे झाले, वर्षाभरात हिशेब तोंडी. गंमत अशी की ते सगळे इंग्रजी आकडे. मराठी आकडे त्यांना येईनात! एकदा पेठला जायला निघाल्या आणि फलाटावरचा मराठी एक इंग्रजी नऊ वाटला म्हणून भलत्याच एसटीत बसल्या. थेट इगतपुरीला उतरल्या. परत आल्यावर त्यांनी स्वतःच हा किस्सा हसत हसत सांगितला. मालिनीबाई मात्र हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी अंकलिपी आणली, आणि दुपारी गर्दी ओसरली की केबिनमध्ये शिकवणी सुरू झाली.

दत्तू बरा झाला, पण पंपावर परतला नाही. त्याने स्वयंपाक हाती घेतला. नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि उडदाची आमटी घेऊन तो दुपारी पंपावर यायचा आणि बायको जेवेपर्यंत शेजारी बसून राहायचा. ट्रकवाले थट्टा करत. दत्तू म्हणायचा, "ती हितं हुबी राहते, मी तिथं चुलीपुढं बसतो. वाटून घेतलंय." त्यांची मुलगी पल्लवी त्याच्याच हाताखाली मोठी झाली.

एका दिवाळीतली गोष्ट मला चांगली आठवते. सकाळी पेट्रोल टाकताना भागीबाई एकदम थांबल्या, मशिनला कान लावला आणि आत जाऊन म्हणाल्या, "बाई, ह्याचा आवाज बदललाय. कमी देतंय." पाच लिटरचं सरकारी माप आणून भरलं, तर खरोखरच पेट्रोल रेघेच्या खाली राहिलं. मालिनीबाईंनी ते मशिन तिथल्या तिथे बंद केलं. सणाची गर्दी, दुरुस्तीवाला येणार संध्याकाळी. दिवसभर एकाच मशिनवर काम चाललं. भागीबाई रांगेतल्या प्रत्येकाला सांगत होत्या, "थांबा वाईच. कमी घेऊन जाण्यापरीस थांबलेलं बरं." मीही तासभर थांबलो. तेव्हापासून त्यांनी शून्य दाखवलं तरी मी कधी पाहिलं नाही.

पुढे बटणांची, लाल आकड्यांची मशिनं आली. शिकवायला आलेला साहेब म्हणाला, "दहावी पास माणसंच ठेवा." मालिनीबाई म्हणाल्या, "आधी हिला शिकवा. हिला जमलं नाही तर पुढचं बोलू." दुपारपर्यंत भागीबाईंना जमलं. जुनी मशिनं भंगारवाल्याच्या ट्रकमध्ये चढली तेव्हा त्यांनी जाऊन एकाच्या दांड्यावर हात फिरवला, आणि लगेच पुढच्या गाडीकडे वळल्या. लुना गेली, माझ्याकडे स्कूटर आली, मग मुलाची कार आली. पंप तोच राहिला.

तीन वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या. पल्लवी आता सरकारी दवाखान्यात नर्स आहे. इंदिरानगरातच तिच्या फ्लॅटमध्ये तिघं राहतात. सकाळी फिरायला जाताना भेट होते.

मागच्या महिन्यात गंगापूर रोडच्या पुढे, द्राक्षबागांच्या बाजूला एक नवं कॅफे उघडलं. दारात जुना पेट्रोल पंप ठेवलाय म्हणून कळलं, तर मी भागीबाईंना स्कूटरवर घेऊन गेलो. लालभडक रंग दिलेलं मशिन, वर पाटी: 'पेट्रोल पंधरा रुपये'. पोरंपोरी फोटो काढत होती. भागीबाईंनी मशिनभोवती एक फेरी मारली, दांडा पाहिला, खिडकीत डोकावल्या.

"हा आपला नाय," त्या म्हणाल्या. "पण त्याच्याच घरातला हाय."

मी उसासा टाकला. "काय दिवस होते, भागीबाई! पंधरा रुपये लिटर. आता एकशेचारच्या वर गेलंय."

त्या माझ्याकडे बघून हसल्या. "स्वस्त कुठं होतं, भाऊ? तवा माझा रोज अठरा रुपये. लिटरभर पेट्रोल म्हंजे माझा सारा दिवस. तुमची लुना माझा दिवस पिऊन जायची."

तीस वर्षं मी त्या भावाची आठवण काढत होतो, आणि नोझल धरणाऱ्या हाताला तो काय भाव पडत होता, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"पर दिवस चांगलं होतं, त्यात खोटं नाय," त्या म्हणाल्या. "बाईंनी आकडं दिलं, अक्षरं दिली. तुमच्यासारखी माणसं रांगेत थांबली. माझा मालक आजारी, पोर कडेवर, आन मला कुणी जा म्हनलं नाय. आनखी काय पायजे माणसाला?"

"थांबलो त्यात आम्ही काय केलं?"

"थांबला, हेच केलं की."

राज नावाच्या कॅफेवाल्याला कळलं की या बाईंनी अशी मशिनं चालवली आहेत, तर त्याने आग्रहाने कॉफी पाजली. पैसे घेतले नाहीत. भागीबाईंना ती कडू लागली, पण त्यांनी कप रिकामा केला.

परतताना त्या म्हणाल्या, "आज गुरुवार, माझा जायचा वार हाय. मला बाईंकडं सोडा." मालिनीबाई आता चौऱ्याऐंशीच्या. पंप पुतण्या बघतो. त्या कॉलेज रोडला दुसऱ्या मजल्यावर राहतात. आम्ही जिना चढून गेलो तर दार उघडंच होतं.

"किती उशीर!" आतून तोच खणखणीत आवाज आला. "दत्तूचा गुडघा कसा आहे?"

"बरा हाय. रोज मालिश करून घेतोय पोरीकडनं." भागीबाईंनी पिशवीतून नागलीचे पापड काढून टेबलावर ठेवले आणि कोणाला न विचारता चहा टाकायला आत गेल्या.

"येतो मी," मी म्हणालो. पण मालिनीबाई स्वयंपाकघराकडे मान वळवून पल्लवीच्या बदलीचं विचारत होत्या, आणि आतून भागीबाई भांड्यांच्या आवाजातूनच उत्तर देत होत्या. मी दार हलकेच ओढून घेतलं आणि जिना उतरलो.