फेल-सेफचा विग्रह

“फेल-सेफ म्हणजे कधीच फेल न होणारा. लिहा आणि पुढे सरका,” सबनीससाहेब म्हणाले.

मुलुंडच्या त्या कारखान्यात पॉवर प्रेस नावाची मशिनं बनायची. वरचा जड ठोकळा साच्यावर आपटतो आणि पत्र्याला आकार येतो. कामगारांची बोटं जातात ती यातच. ऐंशीच्या दशकात मी अशा मशिनांच्या सूचना मराठीत करून द्यायची. त्या दिवशी ‘फेल-सेफ ब्रेक’पाशी अडले होते. साहेब सेल्सचे मॅनेजर. त्यांना मशीन लवकर घाटकोपरच्या गिऱ्हाइकाकडे पाठवायचं होतं.

“ड्यूटी-फ्री म्हणजे ड्यूटीपासून फ्री. तसंच हे, फेल होण्यापासून सेफ.”

शाळेतला पंचमी तत्पुरुष. विग्रह चुकीचा वाटत नव्हता. पण कधीच न बिघडणारा ब्रेक मला पटेना. तसं वाचून कुणी बिनधास्त साच्यात हात घातला तर?

डिझाइन खात्यात माझ्याच वयाचा कामत होता. त्याला गाठलं.

“अगं, हा फेल होणार नाही असं कोण म्हणतंय?” तो हसला. “मूळ क्रियापद बघ ना. टू फेल सेफ. बंद पडायचंच, तर कुणाला इजा न करता पडायचं.”

कल्पना जुनी, रेल्वेच्या ब्रेकमधली. शब्द मात्र विमानं बनवणाऱ्यांनी रुळवला, असं त्यानं वाचलं होतं.

“इथे कसं चालतं ते?”

“चल, दाखवतो.”

मशिनं जुळवतात त्या शॉपमध्ये एक मशीन रिकामंच चालू होतं. “हवेचा दाब ब्रेकला मोकळं धरून ठेवतो,” म्हणत कामतनं हवा सोडून दिली. दाब जाताच आतल्या स्प्रिंगांनी ब्रेक आवळला. ठोकळा अधांतरी थांबला.

साहेब मागे येऊन उभे होते. “झकास. पण ‘बिघाड’ हा शब्द आपल्या मशिनवर नको. गिऱ्हाईक पळेल.”

“सर, ‘कधीच बिघडत नाही’ एवढ्यावर तुम्ही आत हात घालाल?” मी विचारलं.

त्यांनी ठोकळ्याकडे पाहिलं. “तुमचं वाक्य काय?”

“हवा गेली तर ब्रेक आपोआप लागतो. तरीही साच्यात हात घालू नये.”

“यात बिघाड नाही ना? मग चालेल.”

काही महिन्यांनी घाटकोपरहून तक्रार आली. हवेचा पाइप फुटला आणि भर शिफ्टमध्ये मशीन थांबलं.

“कुणाला लागलं?” साहेबांनी फोनवर विचारलं.

“नाही. पण ब्रेक फेल-सेफ आहे ना तुमचा? मग मशीन थांबलं कसं?”

साहेबांनी त्यांना मराठी सूचना वाचायला सांगितलं.

इंग्रजी जोडशब्दातले दोन शब्द शेजारी उभे असतात, आपसातलं नातं सांगत नाहीत. ते मशिनपाशी जाऊनच विचारावं लागतं.