लाल रंगाचं विरजण

माझ्या मामाची नोकरी मी घालवली. हे आधीच सांगून टाकतो. शेवटी सांगितलं तर वाचणाऱ्याला माझी दया येईल, आणि ती मला नको आहे.

सुरतेत प्लेग येऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षातली गोष्ट. शहराजवळच्या कडोदऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये मामा रंगमास्तर होता. तीस वर्षांपूर्वी खानदेशातून आला तेव्हा टाक्यांत पाणी भरायचा, मग रंग ढवळायला लागला, मग मास्तर झाला. अक्षरओळख सहीपुरती. पण गिऱ्हाइकाने आणलेली चिंधी उजेडात धरून तो तिच्याशी जुळणारा रंग बांधायचा, कोपरापर्यंत हात टाकीत घालायचा आणि बोटांवरून ओघळणारं पाणी बघून सांगायचा, अजून चिमूटभर काळा लागेल. मी बीएस्सी केमिस्ट्री झालो तेव्हा त्यानेच शेठच्या मागे लागून मला मिलच्या लॅबमध्ये चिकटवलं. लॅब म्हणजे एक तराजू, चार काचेची भांडी आणि मी.

तेव्हा वर्तमानपत्रांत जागतिक व्यापाराच्या नव्या कराराशिवाय दुसरं काही नसायचं. सीमा उघडणार, जकाती उतरणार, आपलं कापड जगभर जाणार. जकाती उतरल्या असतील. त्यांच्या जागी कागद आले. आमच्या मिलला जर्मनीची पहिली ऑर्डर मिळाली, लाल व्हिस्कोस, हाताला लोण्यासारखं मऊ. तिच्याबरोबर आला जर्मन सरकारच्या नव्या कायद्याचा इंग्रजी कागद. माणसाच्या कातडीला लागणाऱ्या कापडात अमुक रंग चालणार नाहीत. खाली यादी, आणि यादीखाली कारण दिलेलं, फक्त दोन ओळी : या रंगांतून सुटणाऱ्या रसायनांमुळे मूत्राशयाचा कर्करोग होतो, रंगकाम करणाऱ्या कामगारांमध्ये तो आढळला आहे.

मिलमध्ये इंग्रजी वाचणारा मी एकटाच. शेठ म्हणाले, कारीगरांसाठी गुजराती-हिंदीत लिहून भिंतीला लावा. मी लिहिलं, कारणासकट. शेठनी वाचलं आणि त्या दोन ओळींवर बोट ठेवलं.

"भाई, आ बे लीटी रहेवा दो. माणसो बी जशे."

या दोन ओळी गाळा, माणसं घाबरतील म्हणे. मी त्या दोन ओळी खोडल्या. शेठनी डोळे वटारले नव्हते, धमकी दिली नव्हती. मला भाई म्हणाले आणि चहा मागवला, एवढ्यावर माझं काम झालं. माणूस स्वस्तात विकला जातो म्हणतात. मी तर फुकट गेलो.

भिंतीवर राहिला नुसता हुकूम : जर्मनीच्या मालाला यादीतले जुने रंग घालायचे नाहीत. आपल्या बाजारच्या मालाला घालायला हरकत नव्हती. आपल्या लोकांच्या कातडीबद्दल कुठल्या देशाने कागद पाठवला नव्हता.

आता मामाची एक खोड. लाल रंगाची टाकी रिकामी करताना तो त्यातलं लोटाभर पाणी एका कॅनमध्ये राखून ठेवायचा, आणि टाकीत नवा रंग बांधताना ते तिच्यात ओतायचा. त्याला तो विरजण म्हणायचा. विरजणाशिवाय दही लागत नाही, तसा जुन्या पाण्याशिवाय लाल लागत नाही, फिका पडतो, असं त्याचं शास्त्र. ओतताना हाताखालच्या माणसांना बाहेर पाठवायचा, कारण मास्तर आपली रीत कुणाला दाखवत नाही. भाचा म्हणून मी एकदा बघितलं होतं. ते विरजण त्याच्या उस्तादाकडून आलेलं. वीसेक वर्षं एका टाकीतून दुसरीत जात होतं, आणि अख्ख्या मिलमध्ये मामाला कशाचा अभिमान असेल तर त्याचाच.

जर्मनीच्या मालासाठी महागडे नवे रंग आले. मी मामाला म्हटलं, "मामा, यात जुनं काही मिसळू नको."

"कसाले?" मामाने विचारलं. कशासाठी?

मी म्हटलं, "वरून हुकूम आहे."

तो हसला. हुकूम देणारे काय टाकीत हात घालतात का, असं काहीतरी पुटपुटला आणि निघून गेला. मी खरं कारण सांगितलं असतं तर त्याने तो कॅन त्याच दिवशी फेकून दिला असता. मामा हेकट होता, मूर्ख नव्हता. पण सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता : मग बाकीच्या टाक्यांचं काय? त्याचं उत्तर माझ्याकडे होतं, आणि नोकरीही होती.

नमुना जर्मनीत नापास झाला. यादीतल्याच एका रंगाचा अंश सापडला, अगदी थोडा, पण त्यांच्या यंत्राला पुरेसा. माल उचलणार नाही असं पत्र आलं. शिवाय विचारलं होतं की हे कशामुळे झालं, आणि जबाबदार माणसावर काय कारवाई केली. शेठनी मला बोलावून विचारलं, "कोण?"

पुरवठादाराकडून भेसळ आली असेल, असं मी म्हणू शकलो असतो. शेठनी ते मानलंही असतं. मी विरजणाची सगळी गोष्ट सांगितली. वर असंही म्हणालो की अडाणी माणसाच्या हातात इतका मोठा माल द्यायलाच नको होता. हे वाक्य मला कुणी विचारलं नव्हतं.

शेठनी सगळ्या खात्याला अंगणात उभं केलं आणि मामाला त्याचा कॅन आणायला लावला. गटारीच्या तोंडाशी त्यालाच तो ओतायला लावला. मामाने दोन्ही हातांनी, सांडू न देता ओतला. सवयच ती. हाताखालचे काही जण हसले, आणि मीही थोडा हसलो, कारण शेठ माझ्याकडे बघत होते. मग शेठ म्हणाले की जुन्या माणसाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, आणि त्यांनी त्याच नापास कापडाचा एक तागा मामाच्या खांद्यावर ठेवला. बाकीचा माल पुढच्या आठवड्यात रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये खपला. मी जर्मनीला पत्र लिहिलं : जबाबदार व्यक्तीस काढून टाकण्यात आले आहे. मामाच्या जागी शेठनी मला खात्याचा प्रमुख केलं होतं, म्हणून खाली सही केली ती मीच.

कॅनची गोष्ट मी सांगितली, हे मामाच्या डोक्यातही आलं नाही. त्याला वाटलं, कुठल्याशा यंत्राने त्याला पकडलं. मामीने मात्र माझ्याशी बोलणं तोडलं होतं.

दोन महिन्यांनी माझ्या मुलीचं बारसं होतं, लिंबायतच्या आमच्या खोलीत. मामा येईल असं वाटलं नव्हतं, पण तो आला, मागोमाग मामीही आली. माझ्या लेकीसाठी, त्याच्या भाषेत आंडेरसाठी, मामीने शिवलेलं झबलं-टोपरं घेऊन आला, लालभडक, लोण्यासारखं मऊ. बायकोने कौतुकाने ते तिथेच मुलीच्या अंगात घातलं. मुलीने बाही तोंडात धरली आणि चोखायला लागली.

मी धावलोच. तिच्या तोंडातून बाही ओढली, झबलं उतरवताना एक बंद तुटला, पोर किंचाळली. मामाला आधी वाटलं, मला त्याच्या आहेराची लाज वाटली.

"कसाले काढस रे?"

पोर हातात रडत होती, आणि त्या क्षणी मला खोटं सुचलं नाही. मी म्हणालो, "मामा, हा रंग विषारी आहे. याने कॅन्सर होतो."

"तुले कवयपास्नं माहीत शे?"

"कागद आला तेव्हापासून."

मामाने माझ्या हातातलं झबलं काढून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे आंडेरना आंगवर दोन मिनिट नको, अन् मन्हा आंगवर तीस वरीस चालनं."

मामी उठली आणि म्हणाली, चला. त्याने झबल्याची नीट घडी घातली आणि ते खिशात ठेवलं. मी मुलीला दुसरं झबलं घातलं, पांढरं.