एका मिनिटाची भाकरी

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. पाटोदा तालुक्यातल्या एका गावात मी सत्तावीस वर्षं गणित शिकवतोय. प्रश्न विचारायचा, पुढच्या बाकांवरून हात वर आला तर उत्तर घ्यायचं, नाही आला तर आपणच फळ्यावर लिहून मोकळं व्हायचं, ही माझी पद्धत. माझा पोर्शन कधी मागे राहिला नाही, आणि याचा मला भलताच तोरा होता.

त्या वर्षी जुलैत सातवीतल्या एका मुलीची आई स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. हे कुटुंब दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचं. मागच्या हंगामात मुलीलाही सोबत नेलं होतं, त्यामुळे तिची निम्मी सहावी उसाच्या फडातच गेली.

"सर, पोरगी साळंत जायाचं न्हाई म्हणती," आई म्हणाली. "कावून म्हणून इचारलं तर म्हणती, मला काईच येत न्हाई. मंग औंदा बी नेतो तिला संगं. धाकट्याला तरी सांभाळील."

मी म्हणालो, "तिचा पाया कच्चा आहे बाई. मी तरी काय करू?" आई मान हलवून गेली. मला वाटलं, विषय संपला.

पण कोपऱ्यात वह्या तपासत बसलेल्या विज्ञानाच्या मॅडमनी ते ऐकलं होतं. वयाने माझ्या निम्म्या, रोज बीडहून एसटीने ये-जा करणाऱ्या. दुसऱ्या दिवशी त्या परवानगी घेऊन माझ्या सातवीच्या तासाला शेवटच्या बाकावर बसल्या. तास संपल्यावर विचारलं, "सर, प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती वेळ थांबता?"

"थांबतो की. चांगला थांबतो."

त्यांनी मोबाइल पुढे केला. माझ्या प्रत्येक प्रश्नानंतरची वेळ त्यांनी मोजली होती. दोन सेकंद. दोन सेकंद. एकदा तीन, तेही मला खोकला आला म्हणून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण भांडणार कुणाशी? घड्याळाशी?

आमच्या वर्गात प्रोजेक्टर होता आणि माझे धडे स्लाइडवर होते, तेही मॅडमनीच करून दिलेले. त्या म्हणाल्या, "प्रत्येक प्रश्नाखाली एक मिनिटाचा टायमर टाकते. तो पोरांसाठी नाही सर, तुमच्यासाठी आहे. तो संपेपर्यंत तुम्ही बोलायचं नाही."

पहिल्या दिवशी पडद्यावर साठापासून उलटे आकडे सुरू झाले. पोरांना काय, आयतीच करमणूक. दहा उरल्यावर सगळा वर्ग बाक बडवत ओरडायला लागला, "धा! नऊ! आठ!" गणित राहिलं बाजूलाच. मागच्या बाकावरची ती मुलगी तर दोन्ही हातांनी कान झाकून बसली. मला, खरं सांगतो, आसुरी आनंद झाला. स्टाफरूममध्ये शिरता शिरता मी म्हणालो, "झालं का मॅडम समाधान?"

दुसरं कुणी असतं तर पोरांना दोष दिला असता, नाहीतर प्रोजेक्टरला. मॅडम म्हणाल्या, "चुकलं माझं. आकडे दिसले की पोरं मोजणारच." इतक्या सरळ आवाजात आपली चूक कबूल करणारं माणूस मी आमच्या स्टाफरूममध्ये पहिल्यांदाच बघत होतो. मी स्वतः तर कधीच कबूल केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नवीन स्लाइड आणली. घरच्या ज्वारीच्या भाकरीचा फोटो काढून तो गोल कापून प्रश्नाखाली लावला होता. स्लाइडमधलं चित्र चाकासारखं फिरत हळूहळू नाहीसं करायची सोय असते, तिला त्यांनी एक मिनिट नेमून दिलं होतं. प्रश्न आला की भाकरी एका कडेपासून सरकत सरकत संपायची, जणू कुणी सावकाश जेवतंय. ना आकडा, ना आवाज. पोरं पहिल्यांदा खदाखदा हसली आणि मग गप झाली. भाकरीत ओरडण्यासारखं काही नव्हतंच.

ते मिनिट मला किती जड गेलं म्हणून सांगू! उत्तर जिभेवर येऊन बसायचं. पाव भाकरी जाईस्तोवर मी खडू मोडायचो, अर्ध्यापर्यंत खिडकीशी जाऊन यायचो. मागच्या बाकावरून मॅडम नुसतं बघायच्या, आणि मी तोंड मिटायचो.

चौथ्या दिवशी प्रश्न होता: सभागृहात अठ्ठेचाळीस रांगा, दर रांगेत पंचवीस खुर्च्या, तर एकूण खुर्च्या किती? सगळे वहीत उभी मांडणी करत होते. तिची वही बंद होती. झालं, म्हटलं मनात. आणि पाव भाकरी उरलेली असताना तिचा हात वर आला, खांद्याच्याही खालीच.

"बाराशे."

"कसं काढलंस?"

"चार रांगांच्या शंभर खुर्च्या व्हत्यात. अठ्ठेचाळीसात चार बारा येळा."

पुढच्या बाकावरचे हुशार अजून हातचा धरत होते. मी मॅडमकडे पाहिलं. त्या तिच्याकडे बघत होत्या. मॅडमचं मला फार कौतुक वाटलं, आणि ते मी त्याच दिवशी सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. माझ्या स्वभावाला हे नवीन होतं.

दिवाळीनंतर गावातून ऊसतोडीची टोळी निघाली, तेव्हा मी मुद्दाम पारापाशी गेलो. ट्रक भरला होता. आई वर सामानावर बसली होती, धाकटा तिच्या मांडीवर. मुलगी खाली मावशीचा हात धरून उभी. आई वरूनच म्हणाली, "ऐकतच न्हाई सर. माझी साळा बुडंल म्हणती. ऱ्हाऊ द्या म्हणलं मावशीकडं."

ट्रक वळणाआड गेल्यावर मुलीने डोळे पुसले. तिला बोलतं करावं म्हणून मी म्हणालो, "आता कसं पटापट येतंय तुला गणित! आधी काहीच येत नव्हतं ना?"

तिने नवल वाटल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

"तवाबी येत व्हतं सर," ती म्हणाली. "मी तोंड उघडंस्तोवर तुमीच सांगून टाकायचे. मला वाटायचं, इतक्या लवकर आलं न्हाई म्हंजी येतच न्हाई."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मावशीने हाक मारली तशी ती निघून गेली, आणि मी तिथेच उभा राहून सत्तावीस वर्षांतले मागचे बाक आठवत राहिलो.