उलट्या वाटेने जपानी बाग

काकूंना घराबाहेर काढायचं म्हणून माझा नवरा निखिल चक्क खोटं बोलला. "काकू, किलडेअरला एक जपानी देऊळ आहे. एकदम मस्त!"

काकू म्हणजे माझी मैत्रीण मृणाल हिची आई, अमरावतीच्या निवृत्त शिक्षिका. काका गेल्यावर मृणालने त्यांना आयर्लंडला आणलं. ती इथल्या सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर आहे. आल्यापासून काकू खिडकीशी बसून होत्या, विचारलं तेवढंच बोलायच्या. आता व्हिसा संपत आला होता आणि पुढच्या आठवड्यात परतीचं विमान होतं. "अमरावतीच्या त्या फ्लॅटमध्ये ही एकटी कशी राहील गं?" मृणाल मला पुन्हा पुन्हा विचारायची. शेवटी तिने ठरवलं की सोमवारी राजीनामा द्यायचा आणि आईबरोबर कायमचं परत जायचं. एवढ्या खस्ता खाऊन मिळवलेली नोकरी! मला बोलायचं खूप होतं, पण आई तिची, मी कोणत्या तोंडाने बोलणार?

देवळाचं नाव निघालं आणि काकू उठून साडी बदलून आल्या.

डब्लिनमधल्या आमच्या सँडीफोर्डहून निघालो की मोटरवेने तासाभरात किलडेअर. गाडी नसेल तर डब्लिनहून ट्रेन आहे. बागेचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा. स्वस्त नाही, पण शेजारचं घोड्यांचं फार्मही त्यातच येतं. तिथे कॅफे आहे. आम्ही मात्र तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं नेलं होतं, आणि निखिलने त्यातल्या निम्म्या गाडीतच संपवल्या.

आत गेलो आणि समोर बाग. शंभरेक वर्षांपूर्वी जपानहून आलेल्या एका माळ्याने दलदलीच्या जागेवर ही उभी केली म्हणे. वाकडे पाइन, शेवाळलेले दगड, लाल पूल, आणि खाली पाणी इतकं निश्चल की पूल दोनदा दिसतो. मी आजवर बऱ्याच बागा पाहिल्यात, पण आपोआप आवाज खाली यावा अशी हीच.

"देव कुठी हाय?" काकूंनी विचारलं.

निखिलने चहाच्या छोट्या लाकडी घराकडे बोट दाखवलं. काकूंनी तिकडे हात जोडले आणि तरातरा डावीकडे चालू लागल्या. देव उजव्या हाताला ठेवूनच फिरायचं ना! आम्ही मागे.

थोडं पुढे गेल्यावर समोरून एक आयरिश आजी आल्या. "यू आर गोइंग बॅकवर्ड्स, लव्ह! बट शुअर, यू आर ग्रँड," 'उलटे चाललात, पण चालेल हो' अशा थाटात म्हणून हसत निघून गेल्या. मग मृणालने माहितीपत्रक उघडलं आणि तिचा चेहराच उतरला. ही बाग म्हणजे माणसाचं आयुष्य आहे. जन्माच्या गुहेतून सुरुवात, मग शिक्षण, लग्न, म्हातारपण आणि शेवटी मृत्यूचं दार. आम्ही त्या दारातूनच आत आलो होतो. पुढची टेकडी शोकाची होती.

"आई, चल, परत फिरू या."

"काऊन? काय लिहिलं हाय?"

"काही नाही गं. झाडांची नावं आहेत."

"मले वाचता येते, मृणाल." काकूंनी कागद घेतला, सावकाश वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि टेकडी चढल्या. वर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मृणाल वर त्यांच्याकडे धावली तेव्हा मी तिचा हात धरून ठेवला. काकू रडत होत्या. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच, मृणालने नंतर सांगितलं.

मग त्या स्वतःच उतरल्या. म्हातारपण ओलांडलं, लाल पूल ओलांडला. हनिमूनच्या पायवाटेवर थबकल्या.

"आमी चिखलदऱ्याले गेलो होतो," काकू म्हणाल्या. "संग सासूबाई अन् दोन नणंदा!"

आणि त्या हसल्या, अगदी पोट धरून. निखिल तर खालीच बसला. पुढे प्रत्येक वळणावर काका निघत होते: काकांची सायकल, काकांचा चिडका स्वभाव, मृणाल झाली तेव्हा त्यांनी गल्लीभर वाटलेले पेढे. शेवटी जन्माची गुहा आली. अंधारी, ठेंगणी. काकू वाकून आत गेल्या आणि दुसरीकडून उजेडात आल्या.

बाग तुम्ही सरळ वाटेने बघा, तशीच ती रचलेली आहे. मला मात्र ती कायम उलटीच आठवणार. टेकडीवर एकटी उभी असलेली ती बाई, आणि शोकाला टेकडी देऊन माणसाला ती एकट्याने चढू द्यायची त्या माळ्याची समज, हे काही माझ्या डोक्यातून जात नाही. फोटो काढायचे राहिले, त्याचं वाईटही वाटलं नाही.

संध्याकाळी त्यांना घरी सोडलं. मृणाल कुलूप उघडायला पुढे गेली, तशा काकू माझ्याजवळ थांबल्या.

"मी जातो पुढच्या आठवड्यात. एकटीच. ते राजीनाम्याचं मले माहीत हाय, देऊ देणार नाई मी." मग दाराकडे पाहत आवाज खाली आणून म्हणाल्या, "तू येत जाजो इकडे. एकटं राह्यची सवय नाई तिले."